चर्च बघायला

बॉर्डरवरच्या काचेच्या खोपटातल्या ऑफिसरनं विचारलं, कॅनडात कशासाठी चाललाय, आणि मी म्हणालो, चर्च बघायला. बस, एवढंच झालं. कोणी ओरडलं नाही, गाडी बाजूला घ्यायला लावली नाही, काही नाही. पण त्या दोन शब्दांनी पुढचे चार दिवस माझी पाठ सोडली नाही, आणि अजूनही रात्री डिशवॉशर लावताना मधेच ते आठवतं आणि कानशिलं गरम होतात. कारण आम्ही चर्च बघायला चाललोच नव्हतो. आम्ही बियर प्यायला चाललो होतो. तीन आठवडे आधीपासून फोनवरच्या मॅपमध्ये मी हिरवे झेंडे रोवत होतो, अमेरिकेतल्या व्हरमाँटपासून कॅनडातल्या क्युबेकपर्यंत, लहान लहान ब्रूअऱ्या, म्हणजे बियरचे कारखाने, शोधून शोधून, आणि त्यातला एकही झेंडा चर्चवर नव्हता.

गाडी बायको चालवत होती. तिनं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मी तिला न सांगता धर्म बदललाय की काय. तेवढ्यात ऑफिसरचा पुढचा प्रश्न, दारू, तंबाखू, शस्त्र काही? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, बियर आहे, चार कॅन. कुठली? हेडी टॉपर. इतका वेळ दगडासारखा असलेला त्याचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. वास्तविक माणशी 24 कॅन न्यायला परवानगी आहे, म्हणजे आमचे चार म्हणजे किस झाडकी पत्ती, लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्यानं पासपोर्ट परत दिले आणि एकदम गंभीर आवाजात म्हणाला, एन्जॉय द चर्चेस.

चर्चेस. अनेकवचन.

ऑक्टोबरमधला लाँग वीकेंड होता, आमचा अमेरिकेतला कोलंबस डे आणि त्यांचं थँक्सगिव्हिंग एकाच सोमवारी येतं त्यामुळे हायगेट स्प्रिंग्सच्या त्या नाक्यावर दोन्हीकडून रांग लागलेली. मागच्या सीटवर स्वेटर, थर्मास, चिवड्याचा डबा आणि कूलर. कूलरमध्ये ते चार कॅन. ते आदल्या दिवशी व्हरमाँटमध्ये घेतले होते, आणि ते घेताना मला काडीची लाज वाटली नव्हती हेच तर विशेष आहे. उलट ब्रूअरीत सेल्फी काढून ग्रुपवर टाकला होता. हेडी टॉपरची गोष्टच अशी आहे की ऐकल्यावर माणूस वाट वाकडी करून जातो. वॉटरबरी नावाच्या गावात जॉन आणि जेन किमिक या नवराबायकोनं 2003 साली द अल्केमिस्ट नावाचा पब काढला, तळघरातच बियर बनवायचे आणि वर विकायचे. 28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळाचा पूर आला आणि पब, तळघर, सगळं गाळात गेलं. पण गावातच दुसरीकडे त्यांनी कॅनमध्ये बियर भरायचा छोटा प्लँट उभा केलेला, तो वाचला, आणि पुरानंतर दोनच दिवसांनी तिथून हेडी टॉपरचे पहिले कॅन बाहेर पडले. आता स्टो नावाच्या गावात त्यांची मोठी चकाचक ब्रूअरी आहे, 2016 पासून, तिथेच आम्ही गेलो. कॅनवर ठळक अक्षरात छापलंय की कॅनमधूनच प्या. ग्लासात ओतलीच (मी ओतली, मला दाखवल्याशिवाय पटत नाही) तर दिसते गढूळ, न गाळलेली, पन्ह्याच्या जवळपास जाणारी. वास म्हणाल तर संत्र्याची साल, पिकल्या आंब्याचा देठ आणि नुकतं कापलेलं गवत. कडू आहे, पण कडूपणा आधी येत नाही, घोट खाली गेल्यावर मागून येतो, कारल्यासारखा.

मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते यीस्टचं प्रकरण. बर्लिंग्टनला ग्रेग नूनन नावाच्या माणसानं 1988 मध्ये ब्रूपब, म्हणजे स्वतःची बियर तिथेच बनवून विकणारा पब, सुरू केला, त्यासाठी आधी व्हरमाँटच्या विधिमंडळात खेटे घालून कायदा बदलून घेतला. किमिक त्याच्या हाताखाली शिकला, आणि हेडी टॉपरमधलं यीस्ट, ज्याला लोक प्रेमानं कोनन म्हणतात, ते नूननकडूनच आलेलं. म्हणजे शेजारणीकडून वाटीत विरजण आणावं तसं. नूनन 2009 साली गेला, विरजण चालूच आहे. त्या रात्री आम्ही नूननच्याच पबमध्ये जेवलो आणि बायकोला मी हे विरजणाचं चार वेळा सांगितलं, ती म्हणाली कळलं, आता बटाटे खा.

तर असा छाती फुगवून फिरणारा मी दुसऱ्या दिवशी सकाळी एका युनिफॉर्मवाल्या माणसासमोर चर्च म्हणालो.

बायकोचं म्हणणं पडलं की तू घाबरलास. मी म्हटलं कशाला घाबरेन, कागदपत्रं पक्की, ग्रीन कार्ड पक्कं. मग पुढे अर्धा तास कोणीच बोललं नाही. बॉर्डर ओलांडली की पाट्या फ्रेंच होतात, मैलांचे किलोमीटर होतात, स्टॉपच्या पाटीवर आरे लिहिलेलं असतं (मराठी माणसाला तो दम दिल्यासारखा वाटतो), आणि जमीन सपाट होते. मक्याची शेतं, कापून ठेवलेली. सायलो. आणि दर थोड्या वेळानं क्षितिजावर एक चंदेरी टोक चमकतं, ते जवळ येतं, त्याच्याखाली एक गाव निघतं, गाव मागे पडतं, पुढे दुसरं टोक. चर्चच चर्च. बायको प्रत्येक टोकाला म्हणायची, बघ, बघ, बघायला आलायस ना.

आमच्या घरी दारूला नाव नव्हतं. आई तिला ‘ते’ म्हणायची. आज ते आहे का, असं ती बाबांना विचारायची, बहुतेक महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आणि बाबा हो म्हणाले की ती आम्हा दोघा भावांना लवकर जेवायला वाढायची. ‘ते’ पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीतून यायचं. आमच्या गावात काळी पिशवी घेऊन चाललेला माणूस म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, म्हणजे लपवायची ती पिशवीच चव्हाट्यावर सांगायची, पण तरी ती हवीच, कारण पिशवी हा एक प्रकारचा नमस्कार होता, मला माहीत आहे की हे तुम्हाला आवडत नाही, असा. बाबा बाहेरच्या खोलीचं दार लावून बसायचे. एकच बाटली, बियरची, सोबत खारे दाणे. आवाज नाही, गोंधळ नाही, रेडिओ तेवढा हळू चालू. पेपर बाटलीवरच असायचा, ओतताना सुद्धा, मी एकदा दाराच्या फटीतून बघितलंय. त्यामुळे माझे वडील आयुष्यभर कुठली बियर प्यायले हे मला माहीत नाही. रिकामी बाटली टाकीमागच्या पोत्यात जायची आणि रद्दीवाला आला की आई आत निघून जायची, हिशोब बाबा करायचे. बाबांना जाऊन सहा वर्ष झाली. हे सगळं मी त्या मक्याच्या शेतांमधून जाताना बायकोला सांगितलं नाही, कारण तेव्हा ते माझ्या डोक्यात असं सलग नव्हतंच, फक्त ती काळी पिशवी दिसत होती.

शाँब्ली हे रिशल्यू नदीवरचं गाव, पाण्याला तिथे खळखळाट आहे आणि काठावर फ्रेंचांनी 1711 साली दगडात बांधलेला किल्ला आहे, चौकोनी, गुटगुटीत, आपल्याकडच्या किल्ल्यांच्या मानानं वाडाच म्हणायचा. किल्ल्यासमोरच्या हिरवळीवर बसून आम्ही पोळीभाजी खाल्ली. क्युबेकच्या बियरचं नाव जगात नेलं ते या गावातल्या युनिब्रूनं, 1990 पासून. पुढे ती विकली गेली, आता मालक जपानी सापोरो, म्हणजे आता तिला क्राफ्ट, छोट्या स्वतंत्र ब्रूअरीची बियर, म्हणायचं की नाही यावर लोक तासन् तास भांडतात. मी भांडत नाही. चांगली लागते. त्यांची पहिली बियर ब्लांश द शाँब्ली, बेल्जियन पद्धतीची गव्हाची, धने नि संत्र्याची साल असल्या वासाची, फिकट, उन्हाळी. पण नंतरच्या नावांनी मी चाट पडलो. 1992 ची मोदित, म्हणजे शापित, शापित बाई. 1994 ची ला फँ द्यु मोंद, म्हणजे जगाचा अंत, 9 टक्के, तिला जगाचा अंत म्हणणं रास्तच आहे. बाटलीत यीस्ट शिल्लक असतं आणि बूच लागल्यावर आतच पुन्हा एकदा आंबते, तळाशी गाळ बसतो, म्हणून सावकाश ओतायची. शापित, जगाचा अंत. आमच्याकडे जे पेपरात गुंडाळतात ते यांनी लेबलावर मोठ्या अक्षरात छापलंय.

मॉन्ट्रियलला पोचल्यावर बायकोनं बॅगा ठेवल्या आणि म्हणाली, चल. कुठे? चर्च बघायला. मी म्हटलं अगं गंमत पुरे. ती म्हणाली गंमत नाही, तू एका सरकारी माणसाला सांगितलंयस, निदान खोटं तरी राहायला नको. ही बाई टॅक्स भरताना सुद्धा अशीच वागते.

म्हणून आम्ही सेंट जोसेफ्स ऑरेटरीला गेलो. डोंगरावर आहे, घुमट प्रचंड, आणि खालून वर 283 पायऱ्या. त्यातल्या मधल्या 99 लाकडी आहेत आणि त्या गुडघ्यांवर चढणाऱ्यांसाठी राखून ठेवल्यात. मला वाटलं होतं की हे आता नुसतं पाटीपुरतं असेल. पण एक बाई चढत होती, साठीची असेल, निळा रेनकोट, एका पायरीवर थांबायची, ओठ हलायचे, मग एक गुडघा वर, मग दुसरा. आम्ही बाजूच्या सिमेंटच्या पायऱ्यांवरून धापा टाकत गेलो. वर गेल्यावर भिंतीला टांगलेल्या कुबड्या, शेकडो, बऱ्या झालेल्या लोकांनी सोडून दिलेल्या. ज्यांच्यामुळे हे सगळं उभं राहिलं ते ब्रदर आंद्रे शिकलेले सवरलेले कोणी नव्हते, समोरच्या कॉलेजात जवळपास चाळीस वर्ष दारावर बसायचे. द्वारपाल. 1937 साली गेले, 2010 मध्ये पोपनं त्यांना संत जाहीर केलं. मी तिथे उभा राहून विचार करत होतो की हा माणूस चाळीस वर्ष दार उघडून येणाऱ्याला विचारत असेल, कशासाठी आलात? आणि लोक काय उत्तर देत असतील. खाली उतरताना ती निळ्या रेनकोटवाली बाई अजून निम्म्यावर पण पोचली नव्हती. पाऊस भुरभुरायला लागला होता.

संध्याकाळी लोरिए रस्त्यावर, दिय द्यु सिएलमध्ये. हा माझा मॅपवरचा सगळ्यात मोठा झेंडा. 1998 पासूनचा ब्रूपब, जागा छोटी, लाकडी टेबलं खेटून खेटून, खिडक्यांवर आतून वाफ, ओल्या कोटांचा आणि भाजलेल्या धान्याचा वास, आणि सगळे एकाच वेळी बोलतायत. दिय द्यु सिएल म्हणजे ‘स्वर्गातल्या देवा’, आपण अरे देवा म्हणतो तसं. आणि त्यांच्या सगळ्यात नावाजलेल्या बियरचं नाव पेशे मोर्तेल. महापाप. जे केल्यावर आत्मा सरळ नरकात जातो ते. कॉफी घातलेली काळी स्टाउट, 9.5 टक्के. मी सकाळी खोटं बोललेलो, दुपारी देवळात जाऊन आलेलो, आणि आता काउंटरवर उभा राहून म्हणतोय, एक महापाप द्या. छोटा ग्लास. त्यानं दिलं. वर फेस तपकिरी, पहिल्या घोटाला जळकी कॉफी, मग कोको, मग ते घट्ट, तेलकटसर काहीतरी जिभेवर बसून राहतं आणि हलत नाही. बायकोनं घेतली रोझे दिबिस्क्यूस, गुलाबी, जास्वंदीची. गणपतीचं फूल बियरमध्ये, मी म्हटलं. ती म्हणाली पेयात घालतात ती जास्वंद वेगळी, तिची चुलत बहीण, लाल अंबाडी. म्हणजे अंबाडीची बियर. आंबटच होती, छान होती, मला माझ्या महापापापेक्षा तीच जास्त आवडली हे मी तिथे कबूल केलं नाही.

काउंटरवरच्या पोरानं, इंग्लिश चांगलं होतं त्याचं, आमचा नावांचा गोंधळ बघून सांगितलं की आमच्या शिव्या पण अशाच आहेत. क्युबेकमध्ये माणूस चिडला की आईबहिणीवर जात नाही, चर्चच्या भांड्याकुंड्यांवर जातो. ताबार्नाक, म्हणजे प्रसाद ठेवायचं वेदीवरचं कपाट. कालिस, म्हणजे पेला. सिब्वार, म्हणजे प्रसादाचं झाकणवालं भांडं. बोटावर हातोडी बसली की ही सगळी नावं एका दमात. मला इतकं हसू आलं, डोळ्यासमोर आमचे एक शेजारी आले, स्कूटर चालू होत नाहीये आणि ते किक मारत ओरडतायत, अरे पळी! पंचपात्र! ताम्हण! पण तो पोरगा हसत हसत म्हणाला, माझ्या आजीसमोर मी यातला एकही शब्द काढू शकत नाही. 1960 नंतर चर्चचा इथला धाक बघता बघता उतरला, त्याआधी शाळा, हॉस्पिटल, जन्ममरण सगळं त्यांच्याच हातात. त्याच्या पिढीतलं कोणी चर्चला जात नाही. शिव्या तेवढ्या राहिल्या. आणि बियरची नावं. मला वाटलं, ज्याची भीती वाटायची त्याचंच लेबल करून बाटलीवर चिकटवायचं, हा एक रस्ता झाला. आमचा रस्ता वेगळा, आम्ही नावच ठेवलं नाही.

परत येताना कोपऱ्यावरच्या देपानरमध्ये शिरलो, किराणा, लॉटरी, दूध आणि भिंतभर बियर असं ते दुकान असतं. अकरा वाजता बियर विकणं बंद होतं, आम्ही शिरलो तेव्हा अकराला दहा कमी. मोदितचा सिक्स पॅक घेतला. पिशवी? दुकानदारानं खांदे उडवले, मॉन्ट्रियलमध्ये 2022 पासून दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद आहेत. मग हातातच घेऊन निघालो. आठ-दहा मिनिटांचा रस्ता. उघड्या सहा बाटल्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर सैतानाचं चित्र, समोरून माणसं येतायत, एक जोडपं कुत्र्याला फिरवतंय, एक आजोबा. मी ते खोकं कधी या हातात कधी त्या हातात, मग कोटाच्या बाजूला, मग बायको म्हणाली बाळ धरल्यासारखं काय धरलंयस. कोणी बघितलं सुद्धा नाही. कुत्र्यानं तेवढं हुंगलं.

हॉटेलच्या खोलीत दात घासायच्या ग्लासात एक बाटली दोघांत घेतली आणि मी लेबलावरची गोष्ट शोधून वाचली. चित्रात एक होडी आहे, लांबलचक कॅनू, ती आकाशातून उडतेय आणि तिच्यात वल्ही घेऊन माणसं बसलीयत. क्युबेकची जुनी दंतकथा आहे, शास-गालरी. गाटिनो नदीच्या वरच्या अंगाला जंगलात लाकूडतोडे हिवाळाभर राहायचे, गावापासून शेकडो मैल, बर्फ फुटेपर्यंत परत यायची सोय नाही. थर्टीफर्स्टची रात्र, गावात नाचगाणी चालू असणार, बायका, पोरी, घरचं जेवण. कोणीतरी म्हणतं, जायचं का? सैतानाशी करार करायचा, तो कॅनू उडवत नेतो. अटी तीन. वाटेत देवाचं नाव काढायचं नाही. कुठल्याही चर्चच्या क्रॉसला होडी लागू द्यायची नाही. आणि पहाटे सहाच्या आत परत कॅम्पवर. चुकलात तर आत्मा त्याचा. ते जातात, रात्रभर नाचतात, आणि परत येताना सुकाणूवरचा झिंगलेला असतो, तो शिवी हासडतो, आणि शिवी म्हणजे देवाचं नाव, कारण त्यांच्या शिव्याच तशा. होडी पाइनच्या झाडावर आपटते. सकाळी बाकीच्यांना हे बर्फात पडलेले सापडतात, सगळ्यांना वाटतं पिऊन पडले असतील, आणि हे पण म्हणतात हो, पिऊन पडलो होतो.

हे वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. पापाची, सैतानाची गोष्ट म्हणून तिचा एवढा गाजावाजा, पण मूळ काय आहे, तर लांब कामाला गेलेली माणसं, सणाला घरी जायचंय, रजा नाही. मी अमेरिकेत आल्यापासून किती दिवाळ्या घरी केल्या ते मोजायला लागलो आणि एका हाताच्या बोटांवर झालं. बाबा गेले तेव्हाही तिकीट मिळून पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. त्या वेळी कोणी कॅनू घेऊन आलं असतं तर अटी विचारायला मी थांबलो नसतो.

बायको झोपली होती. उरलेली मीच संपवली.

परतीला मुद्दाम वेगळा रस्ता घेतला, मॅगॉग, शेरब्रूक करत. शेरब्रूकच्या जुन्या रेल्वे स्टेशनात सिब्वार नावाचा ब्रूपब आहे, स्पेलिंग एका अक्षरानं बदललंय पण ऐकायला तीच ती प्रसादाच्या भांड्याची शिवी, आणि अर्ध नाव ‘पिणे’ असंही होतं. त्या दिवशी गाडी माझ्याकडे होती त्यामुळे मी सूप प्यायलो. चांगलं होतं. प्रवासाचा आमचा नियमच तो, एक दिवस तिची गाडी, एक दिवस माझी, गाडी ज्याच्याकडे त्यानं मुक्कामाला गाडी लावेपर्यंत नुसता वास घ्यायचा.

मग स्टॅनस्टेड. पलीकडे व्हरमाँटचं डर्बी लाइन, अलीकडे हे, आणि मधे बॉर्डर म्हणजे काही नाही, वाचनालयाजवळ तर रस्त्यावर फुलांच्या कुंड्या ओळीनं मांडल्यात. हॅस्केल लायब्ररी 1904 साली जाणूनबुजून बॉर्डरवरच बांधली, आत वाचनाच्या खोलीत जमिनीवर काळी रेघ आहे, वरच्या नाट्यगृहात स्टेज कॅनडात आणि बहुतेक खुर्च्या अमेरिकेत. आम्ही बाहेरूनच बघितली. ही रेघ पण मोठी नाठाळ आहे. मुळात 45 अंश अक्षांशावर असायला हवी, पण 1770च्या दशकात ज्यांनी मोजली त्यांनी ती नागमोडी काढली, गावकरी हसून सांगतात की बरोबर रमची पिंपं होती. पश्चिमेला लेक शॅम्प्लेनवर अमेरिकेनं 1816 ला किल्ला बांधायला घेतला आणि नंतर कळलं की खऱ्या मोजणीनं तो कॅनडात येतोय. 1842 च्या तहात शेवटी जुनी वाकडी रेघच कायम केली. आणि या वाकड्या रेघेवर शंभर वर्षांपूर्वी काय चालायचं, तर 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी, व्हरमाँटनं तर त्याच्याही आधी 1853 पासून पन्नासेक वर्ष बंदी करून बघितलेली, आणि क्युबेकनं बियरवर बंदी कधी मनापासून घातलीच नाही. मग बॉर्डरवर लाइन हाउस निघाले, घर दोन देशांत, अमेरिकन माणूस एका दारानं आत शिरणार आणि खोलीच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे परदेशात, बसून पिणार. बाकीचे रात्री तळ्यातून, शेतातून बाटल्या आणायचे. त्या कुंड्यांपाशी उभं राहून मला जरा बरं वाटलं. या बॉर्डरवर पिण्याबद्दल खोटं बोललेला मी काही पहिला नव्हतो, फक्त त्यांना निदान कारण तरी होतं.

अमेरिकेत शिरताना मी ठरवून टाकलं होतं. बिनड्युटीची मर्यादा माणशी एक लिटर, आमच्याकडे 11 बाटल्या, पावणेचार लिटरच्या आसपास. ऑफिसरनं विचारलं काय आणलंय, आणि मी सुरू झालो. बियर, अकरा बाटल्या, मोदित पाच, पेशे मोर्तेल चार, रोझे दिबिस्क्यूस दोन, प्रत्येकी 341 मिली, शिवाय चीज कर्ड्स एक पाकीट, मेपल सिरप एक डबा, आणि कशासाठी गेलो होतो विचाराल तर बियर प्यायलाच गेलो होतो. त्यानं विचारलंच नव्हतं. तो जांभई दाबत होता. म्हणाला ओके सर, ड्राइव्ह सेफ, आणि पुढच्या गाडीला हात केला. ना ड्युटी, ना पावती, ना नजर. बायको म्हणाली झालं समाधान? मला काय सांगू, थोडं फसवल्यासारखंच वाटलं.

रविवारी आईला व्हिडिओ कॉल. तिच्याकडे सकाळ, चहा चाललेला, मागे कुकरची शिट्टी. मी किचनमध्ये फोन मग्गाला टेकवून ठेवला आणि भाजी चिरत बोलत होतो. कुठे गेलेलात, तिनं विचारलं. मी म्हटलं कॅनडात, मोठं चर्च बघितलं, गुडघ्यांवर चढतात लोक. ती म्हणाली, गुडघ्यांवर? माझे गुडघे तर बसूनच दुखतात. मग अचानक म्हणाली, ते तुझ्या मागे काय आहे, होडी उडतेय का? ओट्यावर मोदितची बाटली उभी होती, मी फ्रिजमध्ये ठेवायची विसरलो होतो. हात पुढे केला होता मी ती सरकवायला. मग तसाच राहू दिला. गोष्ट आहे ती एक, मी म्हटलं, आणि सगळी सांगितली, जंगल, बर्फ, लाकूडतोडे, सैतान, अटी, सगळी, ती मन लावून ऐकत होती, मधे एकदा उठून गॅस बारीक करून आली. संपल्यावर तिनं विचारलं, पण पोचले ना ते घरी? मी म्हटलं पोचले, रात्रभर होते. ती म्हणाली, मग झालं तर.

थोडा वेळ नुसती बाटलीकडे बघत राहिली. चष्मा कपाळावरून खाली ओढला, फोन डोळ्यांजवळ नेला, स्क्रीनभर तिचं कपाळच दिसायला लागलं.

‘तुझ्या बाबांच्या बाटलीवर असलं चित्रबित्र काही नसायचं,’ आई म्हणाली. ‘नुसता सोनेरी कागद, आणि लाल अक्षरं. ओल्या फडक्यानं पुसली की निघून यायची.’